नऊ नंबरची पिशवी

शिंपल्यांत उभा जन्म घातलेली माणसं दासगावच्या खाडीवर पुष्कळ होऊन गेली. पण नुसतं बोटानं चाचपून हे जाड कालव, ही पातळ तिसरीची शिंपली, आणि हे खाडीतलं नव्हे तर शेताखालचं जुनं, असं सांगणारा एकच झाला, तो कोंडाजी. आता असल्या विद्येला विचारतो कोण म्हणा. चुन्याच्या भट्टीवर पाटी भरली की काम झालं. पाटीत काय आहे याची पंचाईत कुणाला?

अब्बासशेठची भट्टी खाडीच्या काठाला होती. भातं कापून झाली की तिथे शिंपल्या भाजून चुना करायचं काम सुरू होई, ते थेट मृगापर्यंत. खाडीतल्या शिंपल्या पुरत नसत, म्हणून माणसं मोकळ्या शेतांत कमरेइतकं खणत. काळ्या मातीखाली जुन्या शिंपल्यांचा थर लागे. जड, पांढऱ्याफटक, काही तर पार दगड झालेल्या. बापाबरोबर पहिल्यांदा खणायला गेला तेव्हापासून कोंडाजीच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. खाडी इथून अर्धा कोस लांब, मग कालवं शेताखाली आली कशी? बाप म्हणाला, "देवानं पुरली असतील." पुढे एकदा धीर करून त्यानं अब्बासशेठला विचारलं. शेठ माणूस चांगला, पण तो हसतच सुटला. "तुला भाजायच्यात का पुजायच्यात त्या?" त्या दिवसापासून कोंडाजीनं कानाला खडा लावला. वीस वर्षं त्यानं तो प्रश्न कुणापुढं काढला नाही.

त्याची बायको रखमा पोलादपुरापलीकडची, आंबेनळीच्या घाटाखालच्या वाडीतली. लग्नाआधी तिला खाडी कशाशी खातात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. चिखलात पाय टाकायला घाबरायची, तर सासूनं तिला चारचौघींत 'डोंगरातलं ध्यान' म्हणून नावाजून ठेवलं. भट्टीवर बायकांकडे काम शिंपल्या धुवायचं आणि निवडायचं. माती राहिली तर चुना काळा पडतो. पातळ शिंपली लवकर भाजते, जाड कालव उशिरा, म्हणून दोन्हींच्या राशी वेगळ्या लागतात. रखमा इरेला पेटून ते काम शिकली. बोटं कापून घेतली, पाठ धरली, पण शिकली. पाच-सहा वर्षांत अब्बासशेठ सगळ्यांसमोर म्हणायला लागला, की रखमाबाईनं निवडलेल्या मालावर दुसऱ्यानं नजर टाकायची गरज नाही. मूलबाळ काही तिला झालं नाही. जगात मिरवायला तिच्याकडे तेवढं एकच होतं.

छप्पन्न सालच्या मार्गशीर्षात पुण्याहून प्रोफेसर गानू आले. भूगर्भशास्त्र शिकवणारे, पेन्शनीला टेकलेले, उन्हानं लालबुंद झालेले गृहस्थ. भट्टीवर येऊन त्यांनी विचारलं, की शेताखालच्या शिंपल्यांची माहिती कुणाला आहे? शेठनं चेष्टेनं कोंडाजीकडे बोट केलं. "हा बघा आमचा शिंपल्यांचा शास्त्री."

प्रोफेसर हसले नाहीत. धोतर आवरून सरळ खाली बसले, कोंडाजीच्या पाटीतलं एक कालव उचललं आणि म्हणाले, "हे तुम्हाला मिटलेलं मिळालं, की उघडं?"

कोंडाजीनं आधी हात कमरेच्या पंचाला पुसले. एक तर त्याला आजवर कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, ज्या गोष्टीपायी तो वीस वर्षं तोंड मिटून बसला होता, तीच हा शिकलेला माणूस त्याला विचारत होता.

मग पंधरा दिवस दोघं शेतं तुडवत फिरले. प्रोफेसरांनी त्याला समजावून सांगितलं, आणि आपल्याकडचे शिकलेले सांगतात तसं अवघड करून नाही. कालव दगडाला चिकटून जगतं. दोन्ही झाकणं मिटलेली मिळाली, तर ते तिथेच जगलं आणि तिथेच मेलं. म्हणजे तिथे पाणी होतं. फुटके, झिजलेले तुकडे मिळाले, तर ते लाटेनं कुठून तरी आणून टाकले. हजारो वर्षांमागे खाडीचं पाणी आजच्या शेतांवरून जात होतं. आज शेतांत ज्या टेकड्या उभ्या आहेत, त्यांतल्या कुठल्या तेव्हा बेटं होत्या आणि कुठल्या जमिनीला जोडलेल्या होत्या, ते या मेलेल्या शिंपल्या सांगतील. टेकडीच्या चारी अंगांना मिटलेली कालवं निघाली, तर ते बेट.

प्रोफेसरांनी तीन टेकड्या धरल्या. थोरला टेंब, धाकटा टेंब आणि सोंड. सोंड म्हणजे डोंगरापुढे आलेली टेकडी. डोंगर आणि ती यांच्यामध्ये एक सखल शेत आहे, त्या शेताला सगळे मान म्हणतात. एकेका टेकडीला चार खड्डे, एकूण बारा. प्रोफेसरांनी बारा खाकी पिशव्या दिल्या, त्यांवर डांबरानं एक ते बारा आकडे घातलेले. आकडे कोंडाजीला कळत होते.

"एवढंच सांभाळा," प्रोफेसर जाताना म्हणाले. "एका खड्ड्यातला माल दुसऱ्या पिशवीत जाता कामा नये. मी वैशाखाच्या शेवटी येतो. जूनपासून मी घरी बसणार, कॉलेजात माझं टेबलसुद्धा राहणार नाही. हे काम व्हायचं तर याच वर्षी, आणि तुमच्या जिवावर."

सगळं सांगितलं त्या भल्या माणसानं. फक्त खड्ड्यात काहीच मिळालं नाही तर तेही उत्तरच असतं, एवढं सांगायचं राहून गेलं.

कोंडाजीनं त्या हंगामात भट्टीकडे पाठ फिरवली. लोक हसले. खुशाल हसोत. तो एकटा खणत होता आणि मनातल्या मनात जमीन वाचत होता. थोरल्या टेंबाच्या चारी बाजूंना मिटलेली कालवं. धाकट्याच्याही. सोंडेला तीन बाजूंना तशीच, दगडाला घट्ट धरून बसलेली. राहिला नऊ नंबरचा खड्डा, मानेवरचा. तिथे तो तीन दिवस छातीइतका उतरला. नुसती काळी माती, आणि तळाला झिजलेले मूठभर तुकडे. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. कोंडाजी खड्ड्यात उभा राहून एकटाच हसला. इथून पाणी गेलंच नव्हतं. सोंड बेट नव्हती, डोंगराचीच होती, आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यानं शोधलं होतं. प्रोफेसर आले की नऊ नंबरची पिशवी आपण स्वतः उघडायची आणि आपल्या तोंडानं सांगायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. चाळिशी उलटलेला माणूस, पण ते बोलणं तो बांधावर चालता चालता घोकत असे.

आणि वैशाखात त्याला हिवतापानं आडवा केला. दहा-बारा दिवस त्याला शुद्ध अशी नव्हतीच. ताप उतरला तेव्हा अंगात चटणीभाकरी मागण्याइतकीच ताकद उरली होती.

"अवो, उठा नि पडवीत चला," रखमा म्हणाली. "तुमास्नी काय तरी दाखवायचंय."

तिनं त्याला धरून पडवीत आणलं. भिंतीला लागून तीन राशी होत्या. एक पातळ तिसऱ्यांची, एक जाड कालवांची, एक बाकीच्या बारीकसारीक मालाची. सगळा माल दुधासारखा पांढरा, मातीचा कण नाही. फुटके तुकडे तिनं वेचून टाकून दिले होते. बारा खाकी पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून शेजारी ठेवल्या होत्या.

"आठ दिस लागले," ती म्हणाली. "खाडीवर डोईवरनं नेल्या नि आणल्या. म्हटलं, पुण्याचा सायेब येणार, आनि आपण त्याला चिखलाच्या पिशव्या देणार व्हय? माणूस काय म्हणंल? आता बघा कशा दिसतात त्या."

कोंडाजी राशींकडे बघत राहिला. जिवाचं पाणी पाणी होणं म्हणजे काय ते त्याला त्या घटकेला समजलं. पाच महिन्यांचं काम, बारा खड्डे, त्याचं ते घोकलेलं बोलणं, सगळं त्या पांढऱ्या राशींत गेलं होतं. ओरडावं असं त्याला वाटलं. मग त्यानं रखमाच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे कापलेले होते आणि एका बोटाला चिंधी होती.

"बेस केलंस," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. पुढे सहा वर्षं ती जगली, पण त्याहून जास्त तो तिला कधी बोलला नाही. आता कुणी म्हणेल, सांगून टाकायचं होतं बायकोला, त्यात काय. ज्यांना सांगणं सोपं वाटतं त्यांनी ते हात पाहिले नव्हते.

प्रोफेसरांचं पत्र आलेलं होतं, चार दिवसांनी ते पोचणार होते. बारा खड्डे चार दिवसांत पुन्हा खणणं धडधाकट माणसाला जमलं नसतं, हा तर उभा राहिला की घेरी येत होती. दुपारी रखमा पाण्याला गेली की तो पडवीत बसायचा आणि आठवून आठवून एकेक पिशवी भरायचा. एक नंबरला जाड कालवं, तीन नंबरला तिसऱ्या जास्त. हाताला आठवत होतं. अकरा पिशव्या अशा झाल्या, आणि खरं सांगायचं तर त्या फारशा चुकल्या नसतील.

नऊ नंबरची राहिली. तिच्यातले तुकडे रखमानं टाकून दिले होते. पिशवी त्याच्या मांडीवर रिकामी पडली होती. खड्डा खणलाच नाही असं प्रोफेसरांना वाटलं तर? भट्टीवर रिकामी पाटी घेऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी पाणीसुद्धा विचारत नसे. कामचुकार म्हणून त्याचं नाव सांजेपर्यंत गावभर व्हायचं. कोंडाजीला जन्मात कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं, आणि ज्यानं त्याला 'तुम्ही' म्हटलं त्याच्या तोंडून ते ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यानं दोन ओंजळी मिटलेली कालवं उचलली आणि नऊ नंबरमध्ये घातली. सांगू मागनं तोंडी, असं त्यानं मनाशी म्हटलं. माणूस स्वतःची समजूत अशीच घालतो.

प्रोफेसर एस.टी.नं आले ते थेट पडवीतच येऊन बसले. पहिली पिशवी उघडताच त्यांनी मान वर केली. "धुतल्यात?"

"वळवाचा पाऊस झाला, सायेब. पिशव्या भिजल्या," कोंडाजी म्हणाला. रखमा आत चुलीपाशी गुळाचा चहा करत होती.

प्रोफेसरांनी एकेक पिशवी ओतली, भिंगातून पाहिली, वहीत लिहिलं. नऊ नंबरची ओतली आणि त्यांचा हात थांबला. एक कालव त्यांनी उचललं, मग दुसरं. मग ते हसायला लागले. या वयाचा माणूस इतका आनंदानं हसताना कोंडाजीनं पाहिला नव्हता.

"मानेवरसुद्धा? कोंडाजी, मला वाटलं होतं, पण खात्री नव्हती. म्हणजे सोंडेच्या मागूनही पाणी होतं. तिसरं बेट!"

"सायेब, त्या मानेचं जरा—"

रखमा चहा घेऊन दारात आली होती. प्रोफेसर तिच्याकडे वळले. "बाई, तुमच्या नवऱ्यानं आज एक बेट शोधून दिलंय. तीस वर्षं नोकरी केली, पण असं काम हाती लागलं नव्हतं."

रखमानं पदर तोंडाला लावला. कोंडाजीनं तिच्याकडे पाहिलं, प्रोफेसरांकडे पाहिलं आणि चहाची कपबशी घेतली. ज्या क्षणी बोलायचं तो असा चहाच्या घोटाबरोबर गेला, आणि तो गेल्याचं त्याला त्याच वेळी कळत होतं.

एकोणसाठ साली पुण्याहून टपालानं एक पातळसं पुस्तक आलं. इंग्रजी होतं. शाळेच्या गुरुजींनी ते चाळून नकाशा दाखवला. आजच्या शेतांच्या जागी निळं पाणी आणि त्यात तीन बेटं. शेवटच्या पानावर प्रोफेसरांनी आभार मानले होते. गुरुजींनी मराठी करून वाचलं: "दासगावचे कोंडाजी यांच्या प्रामाणिक कष्टांवाचून हे काम झाले नसते."

गावात ही बातमी झाली. अब्बासशेठ मुद्दाम घरी आला आणि म्हणाला, की मी हसलो होतो ती चूक झाली. रखमानं ते पुस्तक लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. पाहुणा आला की ती ते काढायची, कुणी वाचणारा असला तर शेवटचं पान वाचायला लावायची. कोंडाजी अशा वेळी काहीतरी निमित्त काढून गोठ्याकडे जायचा. लोकांना वाटे, काय लाजाळू माणूस आहे. तो गोठ्यात बसून राहायचा. 'प्रामाणिक' हा शब्द तिथवर ऐकू येई.

त्रेसष्ट साली रखमा काविळीनं गेली. महाडला दवाखान्यात नेली होती, पण उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवसांत पिवळे डोळे त्याच्यावर लावून ती म्हणाली, "तुमचं नाव छापून आलं. त्यात माज्या हाताचा वाटा हाय का नाय? माल मीच निवडला व्हता."

"हाय गो," तो म्हणाला. "निम्मा हाय."

तिला बरं वाटलं. तो बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. लोक समजले, बायको जाते म्हणून रडतो.

तिच्या मागे त्याला एकच विचार राहिला. आता बोललं तर कुणाचा जीव दुखावणार नव्हता. पण बोलायचं कुणाशी? पुण्याचा पत्ता गुरुजींना विचारून त्यानं दोनदा पत्र लिहवून घ्यायचं ठरवलं आणि दोनदा शाळेच्या दारातून परत आला. गुरुजींच्याच हातून ते लिहवायचं, म्हणजे आधी गुरुजींना सांगायचं. ते त्याच्यानं झालं नाही.

सहासष्टच्या थंडीत मुंबईहून सबनीस नावाचे एक तरुण भूगर्भशास्त्रज्ञ आले. गानूंचं ते पुस्तक त्यांच्या हातात होतं. गानू दोन वर्षांमागे वारले, असं त्यांनीच सांगितलं. त्यांनी काढलेली बेटं धरून ते सबंध खाडीचा जुना नकाशा करणार होते. "तुमचं नाव वाचून आलोय," ते म्हणाले. "मला तिसरं बेट दाखवा."

कोंडाजी त्यांना मानेवर घेऊन गेला आणि तिथेच, बांधावर बसून, त्यानं सगळं सांगितलं. ताप, राशी, पिशव्या, दोन ओंजळी. रखमाचं नावसुद्धा त्यानं घेतलं. नऊ वर्षांनी एकदाचं ते बाहेर पडलं.

सबनिसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोंडाजी, इतकी वर्षं झाली. तुमची काहीतरी गल्लत होतेय. गानूसरांनी स्वतः तपासलेलं आहे ते. त्यांच्यासारखा माणूस असा फसेल का?"

"मी फसवलं त्यास्नी, सायेब."

"असं म्हणू नका. ते तुम्हाला किती मानत होते, मला ठाऊक आहे."

कोंडाजीला राग आला. कधी नव्हे तो आला. "मंग खणून बघा," तो म्हणाला आणि स्वतः कुदळ घेऊन आला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दोन दिवस खणलं. माणसांचा विश्वास बसत नसेल तर मातीचा बसेल, या एका आशेवर खणलं. छातीइतक्या खड्ड्यातून नुसती काळी माती निघाली. एक अख्खा शिंपला नाही. तो वर आला, धापा टाकत बाजूला झाला आणि म्हणाला, "उतरा. बघा."

सबनीस उतरले. त्यांनी कडा खरवडल्या, माती चिमटीत घेतली, बराच वेळ पाहिलं. कोंडाजी वरून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"खरंय," सबनीस वर येऊन म्हणाले. "इथे आता काहीच उरलेलं नाही. थर होता, तो भट्टीवाल्यांनी काढून नेला."

कोंडाजीला आधी कळलंच नाही. "सायेब, या शेतात भट्टीचा माणूस कवा आलाच नाय."

"भट्टीसाठी शेतं खणत होतात ना तुम्ही लोक?"

"व्हय. पन हितं नाय."

"तुम्ही स्वतः भट्टीवर होतात?"

"जलमभर व्हतो."

"मग झालं तर." सबनिसांच्या आवाजात राग नव्हता, उलट कीवच होती. त्यांनी खिशातून वही काढली. "तुमचा दोष नाही हो. तुम्हाला काय ठाऊक, काय जाळतोय ते. फक्त नोंदीसाठी सांगा, साधारण किती पाट्या निघाल्या असतील या मानेवरून?"

कोंडाजी खड्ड्यात बघत उभा राहिला. खालची माती ओली होती. सांगायचं ते सगळं त्याचं सांगून झालं होतं, आणि मातीचंही सांगून झालं होतं.

"लिवा कायबी," तो म्हणाला.

सबनिसांनी अंदाजानं दोनशे लिहिलं. कोंडाजीनं फावडं उचललं आणि तो खड्डा बुजवायला लागला.